पंडिता रमाबाईंचा धर्मशास्त्राचा अभ्यास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कोणा थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. वाणसामानाची यादी आणि घरखर्चाचा हिशेब यापलीकडे माझ्या हातून फारसे लिहिणे झालेले नाही. परंतु ज्या बाईंविषयी लिहावेसे वाटले, त्यांची हकीगत आमच्या घरातल्या एका गोष्टीशी माझ्या मनात अशी गुंतली आहे की, ती भगिनींना सांगितल्यावाचून मला चैन पडेना. म्हणून घरची गोष्ट आधी सांगते.

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा देवघरात गुरुचरित्राची पोथी तांबड्या फडक्यात बांधून ठेवलेली असे. मामंजी पारायण करीत. बायकांनी ती पोथी वाचावयाची नाही, असा घरचा दंडक होता. ते फडके धुऊन, वाळवून, घडी करून ठेवण्याचे काम मात्र आम्हा बायकांचे. मामंजी गेल्यावर पोथी तशीच राहिली. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्यांची दृष्टीही गेली. एके दुपारी त्यांनीच मला पोथी काढून चौदावा अध्याय वाचावयास सांगितला. मी भीतभीतच फडके सोडले व वाचू लागले. थोडे वाचून होते न होते तोच त्यांनी एका शब्दाचा अर्थ विचारला. मला तो येत नव्हता. आणखी थोड्या वेळाने दुसरा विचारला, तोही येत नव्हता. त्या रागावल्या नाहीत. पुढे वाच, अशी त्यांनी हाताने खूण केली. पंधरा दिवसांनी त्या गेल्या. ते दोन शब्द मी नंतर एका जाणत्या गृहस्थांना विचारून घेतले, पण ज्यांनी विचारले होते त्यांना ते सांगावयाचे राहूनच गेले.

आमच्या शेजारी एक ख्रिस्ती बाई राहतात. त्या समाचाराला आल्या असता मी ही खंत त्यांच्यापाशी बोलून दाखविली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या आजीचे एक जाडजूड, जुने पुस्तक आणून माझ्या हाती दिले. पाने पिवळी पडलेली, पुठ्ठा सुटत आलेला. ते केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यात छापलेले मराठी बायबल होते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून त्याचे भाषांतर केले आणि त्यांच्या आश्रमातल्या बायकांनीच त्याचे खिळे जुळविले, असे शेजारणीने सांगितले. रमाबाईंनी शारदा सदन काढले, विधवांना आसरा दिला, हे मी शाळेत शिकले होते. पण त्यांनी धर्मशास्त्राचा एवढा मोठा अभ्यास केला होता, याची मला वार्ताही नव्हती. तेव्हापासून मिळेल ते वाचीत गेले. जे इंग्रजीत होते ते माझ्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मला मराठीतून समजावून दिले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित. ते पुण्यात शिकत असताना त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकविण्यास वाड्यात जात. पेशव्यांची पत्नी शिकते तर आपली का शिकू नये, असे या विद्यार्थ्याच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. तिच्या पश्चात लक्ष्मीबाई घरात आल्या, त्यांना शास्त्रीबोवांनी संस्कृत शिकविले. यावरून गावात गहजब झाला. शास्त्रीबोवांनी बायकोला शिकविणे सोडले नाही, गाव सोडले व रानात जाऊन घर बांधले.

पुढे कर्ज वाढले, घरदार गेले आणि हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराण सांगत देशभर हिंडू लागले. वडील थकले होते. म्हणून लक्ष्मीबाई पहाटे मुलीला उठवून मांडीवर घेत आणि अजून झोपेत असलेल्या त्या पोरीकडून श्लोक म्हणवून घेत. शाळा नाही, पाटी नाही. पुढे भागवत तिला मुखोद्गत झाले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. त्यात आधी वडील, मग आई आणि पुढे मोठी बहीण, अशी तिघे गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाची प्रत दिली. बाईने वेद वाचावयाचा नसतो, असेच तिला लहानपणापासून ठाऊक होते. तिने आता वेद वाचला, धर्मशास्त्रेही वाचली. या ग्रंथांचे आपापसात कितीही मतभेद असले, तरी बायका आणि शूद्र यांना खाली लेखण्यात बहुतेकांचे एकमत आहे, असे तिला त्यात दिसून आले. वडिलांच्या विद्येवर वाढलेल्या मुलीला त्या विद्येतच आपल्याला जागा नाही असे आढळावे, याचे दुःख केवढे असेल!

१८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारीदास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, त्यामुळे दोघांच्याही माणसांनी त्यांना दूर लोटले. मुलगी मनोरमा १८८१ मध्ये झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. संसार दोन वर्षेही पुरा झाला नाही. आसामातील सिलचरच्या त्या घरी लूकचे शुभवर्तमान हे ख्रिस्ती लोकांचे लहानसे बंगाली पुस्तक त्यांच्या हाती आले होते. बायबलाशी त्यांची ओळख झाली ती येथे.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री डॉक्टर हव्यात, असे सांगितले. नेहेम्या गोरे या, पूर्वी नीळकंठशास्त्री असलेल्या पंडितांशी त्यांची धर्मचर्चा येथेच सुरू झाली. १८८३ साली, स्वतः डॉक्टर व्हावे या इच्छेने, पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्च उभा करून, तान्ह्या वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे डॉक्टरी मात्र राहिली.

वाँटेज गावी सेंट मेरी नावाच्या जोगिणींच्या मठात त्या उतरल्या. जोगिणींना मराठी शिकवावे आणि आपण इंग्रजी शिकावे, असा व्यवहार ठरला होता. लंडनमध्ये या जोगिणींनी वाट चुकलेल्या बायकांसाठी घर चालविले होते. समाजाने टाकलेल्या बाईला तेथे मायेने वागविलेले पाहून रमाबाईंना फार नवल वाटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात यावरून केवढे वादळ उठले असेल, ते सांगावयास नको. आपल्या माणसांना त्या कायमच्या दुरावल्या असेच पुष्कळांना वाटले. त्या दुःखालाही अर्थ होता, हे आपण विसरू नये.

पण मला सांगावयाचे आहे ते याच्या पुढचे. बाप्तिस्मा झाला म्हणजे सारे प्रश्न मिटले, असे रमाबाईंच्या बाबतीत झाले नाही. उलट ते तेथून सुरू झाले.

ख्रिस्ती धर्मगुरू व्हावयाचे तर वर्षानुवर्षे अभ्यास करावा लागतो, असे शेजारणीकडून मला कळले. बायबलाचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत व नवा करार ग्रीक भाषेत आहे. त्या भाषा शिकावयाच्या, कोणते मत कोणत्या शतकात कसे ठरले त्याचा इतिहास वाचावयाचा, उपासनेचा प्रत्येक विधी आणि त्यातील शब्द का आहेत ते समजून घ्यावयाचे. हा पदवीच्याही पुढचा अभ्यास. रमाबाईंच्या काळी ही दारे पुरुषांसाठी होती. इंग्लंडात ऑक्सफर्डने बायकांना पदवी दिली ती १९२० साली आणि केंब्रिजने १९४८ साली. तेव्हा रमाबाईंना कोणी धर्मशास्त्राची पदवी देणार नव्हते. त्यांनी तो अभ्यास पत्रांतून केला.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात गेल्या. तेथे गणित, शास्त्रे, इंग्रजी शिकल्या आणि संस्कृत शिकविले. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या दोघींशी त्यांचा धर्मावर दीर्घ पत्रव्यवहार चालला. ही पत्रे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केली आहेत. मुलीने ती मला थोडीथोडी करून सांगितली, आणि भाकरी थापता थापता माझे हात कितीदा थांबले!

देव एक, तर मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन कसे? कुमारीच्या पोटी जन्म मानल्यावाचून ख्रिस्ती होता येत नाही काय? इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे वर्षातून तेरा सणांना अथनासियस याच्या नावाचा एक मतांगीकार म्हणावयाचा असतो. त्यात सांगितल्याप्रमाणे जो मानणार नाही त्याचा नाश ठरलेला, असे त्यात येते. तो रमाबाईंना मान्य होईना. आपल्या मनाला जे पटले नाही ते तोंडाने म्हणणे खोटेपणाचे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ख्रिस्ती लोकांतच इतके पंथ आहेत, मग एकाच पंथाच्या गुरूंचे सारे आपण का मानावे, असेही त्या विचारीत. एका पुरोहितवर्गाच्या जुवाखालून नुकतीच मान सोडविली असताना दुसऱ्याच्या जुवाखाली ती घालावयास त्या तयार नव्हत्या.

सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटे. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणत, आणि मनोरमेवर त्यांनी आईसारखी माया केली. तरीही वादात कोणी मागे हटले नाही. मिस बील यांची रीत निराळी होती. प्रश्न विचारल्याबद्दल न रागावता त्या सावकाश, मुद्दा धरून उत्तर लिहीत. शिकविणारा असा असावा. प्रश्न म्हणजे उद्धटपणा असे ज्याला वाटत नाही, त्याच्यापाशीच मन उघडते.

क्रूसाची गोष्ट तर मला विसरताच येत नाही. जोगिणींच्या रीतीप्रमाणे क्रूसावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाईंनी हट्ट धरला की, अक्षरे असावयाची तर संस्कृत असावीत. लॅटिन आपल्याला कळत नाही आणि आपल्या देशातील बायकांनाही कळणार नाही, मग न कळणारे शब्द अंगावर का वागवावेत? जेवणातही त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. धर्म बदलला म्हणून आपले घर, आपली भाषा टाकली पाहिजे, असे त्यांनी मानले नाही.

पुरुषांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा लाहोर आणि मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना हे फार लागले. हिंदुस्थानात त्यांनी पंडितांच्या भरसभेत भाषणे केली होती. तेथे जे चालले ते येथे का चालू नये, हे त्यांना कळेना.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने देऊन मदत जमविली आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या तेथल्याच पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते असा बोभाटा झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात कोणाच्या धर्मात हात घालणार नाही असे ठरलेले होते, म्हणून पालकांचा राग खोटा नव्हता. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण आपल्या खोलीत प्रार्थना करतो, दार उघडे असते, कोणी येऊन बसले तर त्याला हाकलून कसे द्यावे? दोन्ही बाजू ऐकल्या म्हणजे मला तरी एका बाजूने बोलता येत नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व बायका वाचवून आणल्या. स्वतःचे आईबाप ज्या भुकेने नेले, ती भूक त्यांनी ओळखली होती. पुण्यात प्लेगामुळे एवढी माणसे ठेवण्यास परवानगी मिळेना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ति सदन. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथे दीड-दोन हजार जणी होत्या. माग, शेती, दूधदुभते, शिवण, छापखाना, सारे बायका चालवीत.

आता मुख्य गोष्ट. मराठीत बायबल पूर्वीच झाले होते. विल्यम केरी यांनी बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली नवा करार मराठीत काढला, आणि पुढे बायबल सोसायटीचे भाषांतर सर्वत्र चाले. परंतु त्यातील संस्कृत शब्द केडगावच्या बायकांना अडत. शिवाय हिंदू धर्मग्रंथांतले शब्द ख्रिस्ती कल्पनांना लावले म्हणजे अर्थाची गफलत होते, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी ठरविले की आपण मुळापासून नवे भाषांतर करावयाचे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

भगिनींनो, तेव्हा त्यांचे वय किती होते? हे काम १९०४-०५ च्या सुमारास सुरू झाले, म्हणजे त्या शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. कानांनी बहिऱ्या, अंगावर हजारांचा संसार. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि जुन्या लिखाणात बहुधा व्यंजनेच असतात, स्वर वाचणाऱ्याने जाणून घ्यावयाचे. वाँटेजला ज्यांनी गुरूंचे म्हणणे तसेच मानावयास नकार दिला, त्यांनी इतक्या वर्षांनी मूळ ग्रंथच आपल्या डोळ्यांनी वाचावयास घेतला. दुसऱ्याचे पटत नाही म्हणणे सोपे आहे. त्यासाठी चाळिशीनंतर दोन अवघड भाषा शिकणे सोपे नाही.

मधल्या काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या श्रद्धेचेही रूप बदलले होते. पूर्वी बुद्धीने जे स्वीकारले ते आता अंतःकरणात उतरले, असे त्यांना वाटले. मतांगीकाराचे वाद मागे पडले, पण शब्दाचा अर्थ कळला पाहिजे हा आग्रह शेवटपर्यंत राहिला.

भाषांतराचे काम सुमारे सतरा वर्षे चालले. रमाबाई लिहीत, आणि दुष्काळात सापळ्यासारख्या होऊन आलेल्या मुली, ज्यांना अक्षरओळखही केडगावातच झाली होती, त्या खिळे जुळवीत, फर्मे छापीत आणि बांधणी करीत. या भाषांतरात दोष नाहीत असे नाही. जाणकार म्हणतात की, मुळाला शब्दशः चिकटून राहिल्यामुळे ते रुक्ष झाले. मलाही वाचताना शब्द सोपे लागले, पण वाक्यांची ठेवण कुठे कुठे परकी वाटली. संस्कृतवर ज्यांची एवढी हुकमत, त्यांनी ती गोडी जाणूनबुजून दूर ठेवली. पुरणपोळी येणाऱ्या बाईने आजाऱ्यासाठी पेज करावी, तसे हे झाले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्थेचा पुढचा भार जिच्यावर टाकावयाचा ती एकुलती एक लेक आईच्या डोळ्यांदेखत गेली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी त्यांनी प्रार्थना केली होती, असे सांगतात. काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली बाहेर पडले.

हे सारे वाचले तेव्हा मला लक्ष्मीबाईंची आठवण आली. पहाटे मुलीला मांडीवर घेऊन श्लोक शिकविणारी ती आई. तिची मुलगी निराळ्या धर्मात गेली, निराळा ग्रंथ तिने हाती घेतला. पण आपल्याला कळले ते दुसऱ्या बाईपर्यंत पोहोचवावयाचे, हे आईचेच काम तिने चालविले, असे मला वाटते.

माझे स्वतःचे म्हणाल तर मी काही हिब्रू शिकणार नाही. माझी श्रद्धा माझ्या देवघरात आहे आणि ती तेथेच राहील. पण तांबडे फडके आता मी दर गुरुवारी सोडते. एक वही केली आहे. न कळलेला शब्द तीत लिहून ठेवावयाचा आणि आठवड्याभरात कोणाला तरी विचारून त्याचा अर्थ समोर लिहावयाचा. पहिल्या पानावर सासूबाईंनी विचारलेले दोन शब्द आहेत. अर्थ पाहू गेले तर ते अगदी साधेच निघाले.

आपल्या मंडळात आपण सर्वजणी मिळून स्तोत्रे म्हणतो. आवाज छान लागतो, पाठही चांगली झाली आहेत. म्हणून झाल्यावर चहा येईपर्यंत दहा मिनिटे असतात. तेवढ्या वेळात एकेका ओळीचा अर्थ लावावा, अशी माझी सूचना आहे. ज्यांना येत असेल त्यांनी सांगावे, ज्यांना येत नसेल त्यांनी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. वही मी आणीन.